हां बोला, दिलीप बोलतोय

दिलीप गेल्याची बातमी आली तेव्हा दिलीप सावंगीच्या एका बाईंना राऊटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगत होता. मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला असं वाक्य शोभत नाही, पण ते तपासून पाहिलं, त्यात चूक नाही. दवाखान्यात वारला तो माझा धाकटा भाऊ दिलीप, आणि हर्सूलच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून तक्रारीच्या फोनवर त्याच्या नावानं बोलत होतो तो मी. उजव्या कानाला त्याचा फोन होता. टेबलावरचा माझा फोन वाजला म्हणून तो डाव्या कानाला लावला, तर पलीकडे शफीक. आमचा लाइनमन, आणि दिलीपचा शाळेपासूनचा दोस्त. "दादा... भाई गए," एवढंच तो म्हणाला. त्याच वेळी उजव्या कानात बाई ओरडल्या, "आलं, आलं! दिलीपभाऊ, हिरवी लाइट लागली बघा!" मी म्हणालो, "बरं झालं. काही लागलं तर सांगा." हे मी दोघांपैकी कुणाला म्हणालो, ते आज इतक्या आठवड्यांनीही सांगता येत नाही.

दिलीपच्या कंपनीला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते पाटीवर होतं आणि पाटीवरच राहिलं. लोक म्हणत, दिलीपचं नेट. आधी केबल टीव्ही, मग तो बसत गेला तसं इंटरनेट; हर्सूलच्या काही गल्ल्या आणि पुढं सावंगीपर्यंतच्या वस्त्या, एवढंच त्याचं साम्राज्य. व्यासपीठावरून कुणी डिजिटल क्रांतीवर बोलायला लागलं की मला आमच्या गल्लीतल्या शेवग्याला बांधलेली काळी तार आठवते. क्रांती त्या तारेतून येते. तिच्यावर माकडं झोके घेतात, खारी तिला कुरतडतात, संक्रांतीला तिच्यात पतंग अडकतात आणि उरलेलं वर्षभर रस्ता खोदणारे जेसीबी तिला मुळासकट उपटतात. शफीक दिवसभर शिडी घेऊन या तारेमागं फिरायचा आणि दिलीप दिवसभर फोनवर असायचा. या धंद्यात विकायचं ते इंटरनेट, पण करायचं काम म्हणजे बोलणं.

त्यातही एक वाक्य त्याला रोज म्हणावं लागे: मागूनच बंद आहे. म्हणजे ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही घाऊक नेट घेतो, तिच्याकडंच बिघाड आहे. आपल्या हातात काही नाही. हे वाक्य इतर ठिकाणी उर्मट वाटतं. दिलीप ते असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला त्याचीच दया यावी. "दिलीप, कवा यायचं रे नेट?" "मामा, मागूनच बंद हाय. मी बी तुमच्यासारखाच हात बांधून बसलोय." "मग बस बाबा. च्या पी." तक्रार करणारा माणूस धीर देऊन फोन ठेवायचा.

हाच आवाज बसायला लागला. आधी वाटलं, बोलून बोलून बसला असेल. मग गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. आमच्या दोघांचा आवाज एकच आहे. मिसरूड फुटल्यापासून फोनवर आई आम्हाला आधी नाव विचारायची. दिलीपचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीनं, मंगलनं, एकदा मला दिलीप समजून फोनवर चांगलंच झापलं होतं, आणि मी "अगं, मी दादा" म्हटल्यावर नंतरचे कित्येक दिवस ती माझ्यासमोर आली नव्हती. या योगायोगाचा घरातल्या करमणुकीपलीकडं काही उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ऑपरेशन ठरलं त्याच सुमारास एका बड्या कंपनीचे टी-शर्ट घातलेली पोरं आमच्या गल्ल्यांतून दारोदार फिरायला लागली. मालक आजारी म्हणजे नेट आजारी, असा लोकांचा हिशेब असतो. दिलीपच्या आजाराचा बोभाटा झाला असता तर तो उठून बसेपर्यंत धंदा उरला नसता. ऑपरेशननंतर त्यानं मोबाइलवर पहिलं जे टाइप केलं ते माझ्यासाठी होतं: "मी बरा होईस्तोवर तू बोल. कुणाला कळू देऊ नको."

मी बोलायला लागलो. तो शेजारी खुर्ची टाकून बसायचा, गळ्याला पांढरा रुमाल, हातात मोबाइल, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. पहिल्याच फोनवर मी म्हणालो, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." त्यानं टेबलावर थाप मारली आणि टाइप केलं, "आकाशवाणी बंद कर." मी सुधारायचा प्रयत्न केला, पण सवय जाते कुठं? दोन दिवसांनी एकानं विचारलंच, "दिलीपभाऊ, लई शुद्ध बोलायला लागलात, इलेक्शनला उभं राहता का काय?" दिलीप खुर्चीत गदागदा हलला. आवाज आलाच नाही. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फुसफुसत राहिली, आणि त्याच्याकडं बघून मी हसलो तेव्हा खोलीत एकट्या माझाच आवाज होता... मी लगेच थांबलो.

हळूहळू मला जमलं. "हां बोला, दिलीप बोलतोय" म्हणायचं, आणि नेटचं विचारायच्या आधी माणसाचं विचारायचं. स्क्रीनवर नाव दिसलं की दिलीप भराभर टाइप करून माझ्यासमोर धरायचा: "पाय मोडलाय." मग मी विचारायचो, "काय मामा, पाय काय म्हणतो?" मामा खूश. कधी पलीकडून कुणी म्हणायचं, "तुमच्यामुळं पोरीचा फॉर्म टायमात भरला भाऊ, न्हाय तर वर्ष वाया गेलं असतं." तेव्हा दिलीप खिडकीतून बाहेर बघायचा. ज्याचे आभार मानले जात होते त्याला "राहू द्या हो" एवढंही म्हणता येत नव्हतं. ते मी म्हणायचो.

आजार आत पसरत गेला. एका दुपारी डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं आणि बराच वेळ इंग्रजीत समजावलं. उपचारांची दिशा, शरीराचा प्रतिसाद, जीवनाचा दर्जा... अशा भाषेचा मी आयुष्यभर प्रुफं तपासून अनुभव घेतलेला आहे. जिथं सांगण्यासारखं काही नसतं तिथं ती लांबते. दिलीपनं मोबाइल माझ्यापुढं केला. त्यावर लिहिलं होतं, "मागूनच बंद आहे." मला हसू फुटलं. डॉक्टर दुखावले. मंगलनं वाकून वाचलं, ती हसली नाही, उठून व्हरांड्यात गेली.

तरी फोन थांबत नव्हते. मी दवाखान्यात जाताना तक्रारीचा फोन खिशात ठेवायचो आणि वॉर्डात कोपऱ्यात तोंड करून हळू आवाजात दिलीप व्हायचो. शेवटच्या भेटीत तो वाजला तेव्हा मी उठायला लागलो, तर त्यानं माझी बाही धरून बसवलं. मी तिथंच बोललो. त्यानं हात लांबवून दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच ठेवली. पलीकडचा माणूस पासवर्ड विसरला होता. मी तो शक्य तितक्या सावकाश बदलून दिला.

तो गेल्यावर काय झालं ते सांगताना मला चौकातल्या फ्लेक्सबद्दल सांगणं भाग आहे. वॉर्डातल्या एका भावी नगरसेवकानं तो लावला. त्यावर "भावपुर्ण श्रध्दांजली" असं लिहिलं होतं, म्हणजे दोन शब्दांत दोन चुका. खाली स्वतः भावी नगरसेवक हात जोडून हसत होते, कारण त्यांच्याकडं दिवाळीच्या शुभेच्छांचाच फोटो होता. फ्लेक्स बांधला होता आमच्याच खांबाला. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, फ्लेक्सचं शीड झालं आणि त्यानं आमची तार ओढून खाली आणली. शफीक शिडीवर चढून ती जोडत होता, रडत होता आणि शिव्याही देत होता: "देखो दादा, भाई के फोटो ने भाई की लाइन तोड दी!" त्या दिवशी भेटायला आलेले लोक दारात माझा हात हातात घेऊन म्हणत, "फार वाईट झालं..." आणि मग अवघडून, "आमचं नेट पण सकाळपासून नाहीये, दादा." मला राग आला नाही. दोन्ही गोष्टी एकदमच गेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीबद्दल तरी तक्रार करायला जागा होती.

फ्लेक्समुळं गल्लीला कळलं. टी-शर्टवाल्या पोरांनाही कळलं, "मालक गेला, आता बघणार कोण?" असं ती दारोदार विचारू लागली. मी, शफीक आणि मंगल बसलो. बंद करावं असं माझं मत होतं. मंगल म्हणाली, "चालू ठेवा. माझं घर त्याच्यावर हाय, शफीकभाईंचं हाय. अन् ते असते तर बंद केलं असतं का?" तेव्हा मी पुन्हा फोनपाशी बसलो. ठरवलं, आता आपण आपल्या नावानं बोलायचं. सावंगीकडचा पहिला फोन आला, मी म्हणालो, "दिलीप गेला. मी त्याचा मोठा भाऊ बोलतोय." पलीकडचा माणूस मनापासून हसला. "काय राव, मरणाची चेष्टा करता व्हय! आवाज वळखत नाय का मी तुमचा? लाल लाइट लागलीय, शफीकला धाडा." मी शफीकला धाडलं. उलट गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना मी सवयीनं "दिलीप बोलतोय" म्हणून गेलो. मग ते म्हणाले, "अरे, मयताला आलो होतो मी तुझ्या." आणि त्यांनी फोन ठेवला. खरं सांगितलं तर खोटं वाटतं आणि खोटं बोललं तर माणूस घाबरतो; प्रूफ तपासताना अशी अडचण मला कधी आली नव्हती.

पुढच्या खोलीतून माजघरात एक दार आहे. दिलीप गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतच कधीतरी मंगल माझ्याकडं न बघता म्हणाली होती, "दादा, फोनवर बोलताना दार लावून घेत जा." मी लावत गेलो. मग मागच्या आठवड्यात एका दुपारी सावंगीच्या रस्त्यावर जेसीबीनं तार तोडली आणि फोन थांबेचना. मी फोन उचलत होतो, तोच दार उघडलं. मंगल ताटात गवार घेऊन आली आणि उंबऱ्याशी खाली बसून मोडायला लागली. तिला बघून मी सावध झालो. फोनवर म्हणालो, "थोडा वेळ प्रतीक्षा करा, दुरुस्तीचं काम सुरू आहे."

मान वर न करता ती म्हणाली, "ते असं नव्हते बोलत."

पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. मी घसा साफ केला. "हां बोला मामा, दिलीप बोलतोय. म्हशीचं कसं काय? व्याली का?" म्हैस व्याली होती, पारडी झाली होती, नेट नव्हतं. मी सगळं विचारलं. मग दुसरा फोन, मग तिसरा. मी हसलो, चहा पितो म्हणालो, जेसीबीवाल्याच्या नावानं खडे फोडले. गवारीच्या शेंगा एका लयीत मोडत होत्या. बऱ्याच वेळानं शफीकचा फोन आला. "हौ दादा, जोड दिया. सब चालू है." त्यानंतर फोन वाजायचा थांबला.

मी दार लावायला उठलो. "राहू द्या उघडं," ती म्हणाली. ताटातली गवार केव्हाच मोडून झाली होती. ती तशीच बसून राहिली, मीही बसलो. काही वेळानं तिनं विचारलं, "आणखी कुणाचा नाही आला?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं ताट मांडीवर घेतलं आणि फोनकडं बघत राहिली. मीही बघत राहिलो... त्या दुपारी हर्सूलपासून सावंगीपर्यंत एकाही घरी तक्रारीला जागा नव्हती. सगळ्यांचं नेट व्यवस्थित चालू होतं.