घंटेखालचा पलंग

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या मावशीवर. कधी झाला? गेल्या मे महिन्यात, कपेलाच्या फेस्तानंतरच्या, म्हणजे वार्षिक उत्सवानंतरच्या, पहिल्या सोमवारी, दिवेलागणीला. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या घराबद्दल मी लिहिणार आहे त्याच्या जाहिरातीत उंच छत आहे, कमानी आहेत, समुद्राचा वारा आहे, आणि मावशी नाही.

कपेल म्हणजे लहान चर्च. आमचं कपेल गोव्यात, पेडण्याहून केरीला जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, काजूच्या उतारावर आहे. ते बांधलं भाटकारांनी, म्हणजे जमीनमालकांनी, आपल्या घराला लागून, आपल्यासाठी. पुढे भाटकारांची पोरं लिस्बनला गेली, घराला टाळं लागलं. कपेलाला कधी लागलं नाही. त्याची चावी मावशीच्या सासूकडे होती, सासूनंतर मावशीकडे आली. मावशी ख्रिश्चन, आम्ही हिंदू, आणि वाडीत तिचं एकच घर तेवढं ख्रिश्चनांचं. तरी ती सगळ्यांची मावशी. रोज संध्याकाळी ती वर चढायची, केर काढायची, मेणबत्ती लावायची आणि घंटेची दोरी ओढायची.

त्या घंटेवर आमच्या तुळशीसमोरचे दिवे लागायचे. घड्याळ बघून दिवा लावणारी बाई आमच्या वाडीत नव्हती. आई हात पुसत बाहेर यायची, कान द्यायची, घंटा झाली की काडी ओढायची. एखाद दिवशी उशीर झाला तर दिवा बाजूला ठेवून मला म्हणायची, "मावशीक बरां नाय काय रे? जा, बघून ये." मी जायचो. कधी तिचे गुडघे दुखत असायचे, कधी मासे घेऊन बाई आलेली असायची आणि भाव करताना भान सुटलेलं असायचं. एवढंच.

त्या सोमवारी मी पेडण्याहून मोटारसायकलवर येत होतो. कपेलाच्या पायरीवर मावशी उभी दिसली. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात मेणबत्ती. दाराला नवं कोरं कुलूप.

"पुता," ती म्हणाली, "देवाक कुलूप कोणें घातलें?"

मी म्हटलं, "मावशी, देव आत नाही. फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी रंग द्यायला म्हणून मूर्ती मोठ्या चर्चमध्ये नेली ना?"

"देव गेलो तर गेलो. तो खंयूय रावता. घांट कोण वाजयतलो?"

मी चौकशी केली. उत्तर कुलूप घालणाऱ्याकडे होतं. भाटकारांच्या नातवंडांनी घर आणि कपेल दोन्ही विकलं होतं. चर्चमधल्या पाद्रींना विचारलं, तर कपेल खासगी, आमच्या हातात काही नाही, म्हणाले. घेणारा म्हापशाचा एक एजंट, दिल्लीच्या कुणासाठी. आणि तिथे होणार होती 'लॉफ्ट होम्स'.

आईने मला विचारलं, "लॉफ्ट म्हणजे काय रे?"

"माळा."

ती एवढी हसली की हातातली वाटी ठेवावी लागली. "माळ्यार रवतले? माळ्यार आमची कोकमां आनी उंदीर रवतत!"

मीही हसलो. तेवढंच हसलो.

आता यात आमच्या हातून एक चूक झाली ती कशी, ते सांगतो. अशी चूक आमच्याशिवाय दुसरं कुणी करू शकणार नाही.

आमच्या भागात देवळात गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे इथे तक्रार नव्हे. एकाने देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" विचार करायचा नसतो. शिंक आल्यावर कुणी विचार करतं का? तसं ते तोंडातून निघतं. आणि आमच्या वाडीची रीत अशी की कपेलाच्या फेस्तालासुद्धा, ख्रिश्चनांची लादीन, म्हणजे प्रार्थनेची गाणी, संपली की बाहेरच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, आमच्यापैकी एकाने गाऱ्हाणं घालायचं. येशू ख्रिस्ताला 'म्हाराजा' म्हणणारे जगात आम्हीच असू. तो मान माझ्या बाबांचा. त्यांच्या आधी आजोबांचा होता.

या वर्षीच्या फेस्ताला तो एजंट आला. वाईट याचं वाटतं की तो परका नव्हता. आमच्याच बोलीत बोलत होता. चपला बाहेर काढल्या, लादीन होईपर्यंत हात जोडून उभा राहिला, द्रोणातले उकडलेले चणे खाल्ले, बाबांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, भाटकारांच्या घराक नवे पावणे येतले. त्यांच्यासाठी दोन शब्द घालशात?"

पाहुण्यासाठी दोन शब्द नाही म्हणणारा माणूस पेडण्यात जन्मला नाही. बाबांनी छाती भरून आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या घराक नवे पावणे येतत, त्यांका आपले म्हण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या वाटेतली आडखळ दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी वाडी गरजली. मावशीसुद्धा. मी गप्प होतो, ते शहाणपणाने नव्हे. माझ्या तोंडात चणे होते. आणि एजंट मोबाईल उंच धरून सगळं टिपत होता. फेस्ताला सगळेच मोबाईल धरतात. कोण बघतो?

कुलूप लागल्यावर आम्ही आरडाओरडा केला. पत्रकं मी लिहिली, आमच्या चार मित्रांनी घरोघर वाटली. ("तुझ्या पत्रकांत भजी बरी रवतत, तेल शोषता," हे बाबांचं मत.) शेवटी पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक लागली. मी आक्षेप वाचला. कपेल वापरातलं आहे, रोज उघडतं, गावाला विचारल्याशिवाय त्याचं राहतं घर करता येणार नाही.

एजंट उठला. "गावाला विचारलं होतं," म्हणाला, आणि भिंतीवर तो व्हिडिओ लावला.

पहिल्यांदा लोक खूश झाले. भिंतीवर आपण दिसतो म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? "अरे, ह्यो बघ मी!" "तुझां पोट बघ आधी!" मग बाबांचा आवाज आला. नवे पावणे. आडखळ दूर कर. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत लोकांनी भिंतीकडे रोखलेली बोटं खाली घेतली.

बाबा उभे राहिले. "ता गाऱ्हाणां रे," ते म्हणाले. "गाऱ्हाण्यात नाय म्हणूची सोयच नाय."

"तेच म्हणतंय काका," एजंट गोड हसून म्हणाला. "नाय कोणीच म्हटलां नाय."

आक्षेप बाजूला पडला, परवानगी मिळाली, विषय पुढे सरकला. त्या दिवसापासून बाबांनी कुठल्याही देवासमोर गाऱ्हाणं घातलेलं नाही. देवळातून बोलावणं आलं तरी घसा बसलाय म्हणतात. त्यांचा घसा ठणठणीत आहे. मला ऐकवायला तो रोज चालतो.

पाऊस सरल्यावर घरं बघायला खुली झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाईक म्हणून गेलो. एजंट म्हापशाला होता, दाखवायला दुसरीच एक मुलगी होती, तिने मला ओळखलं नाही. माझ्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं. माणसं वाईट नव्हती. बूट स्वतःहून बाहेर काढले.

आणि आता खरं बोलतो, कारण पत्रकात मला हे लिहिता आलं नसतं. ते घर सुंदर झालं आहे. जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, पूर्वीच्याच शिंपल्यांची तावदानं आहेत आणि दुपारचं ऊन त्यांतून गाळून आत येतं, ताकासारखं. छत इतकं उंच की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. जिथे आल्तार, म्हणजे वेदी, होता, जिथे मावशी मेणबत्ती लावायची, तिथे स्वयंपाकाचा ओटा आहे. वर, जिथे गाणारे उभे राहायचे त्या माळ्यावर, पलंग. मला तिथे बसावंसं वाटलं. असं घर कुणाला नको असेल?

"किती शांत आहे ना!" पुण्याच्या बाई म्हणाल्या.

"शांत नाही," मी म्हटलं, "बंद आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इथलाच का रे?"

"समोरच्या वाडीतला."

"मग तुला तर आनंद व्हायला हवा," त्यांचे यजमान म्हणाले. "नाहीतर पडून गेलं असतं हे. निदान वापरात तरी येतंय."

हे वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं, म्हणून त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो. मेलेल्या इमारतीत कुणी जीव आणला तर माझं काही म्हणणं नाही. थंड देशांत चर्चं ओस पडतात म्हणे, तिथे खुशाल राहा. आमचं कपेल ओस नव्हतं. दर वर्षी फेस्ताआधी त्याला चुन्याचा हात आम्ही द्यायचो, पावसाआधी कौलं आम्ही परतायचो, आणि रोज संध्याकाळी एक म्हातारी गुडघे धरत तिथे चढायची. तुम्हाला आत शिरल्या शिरल्या जी शांतता आवडते ना, ती चुन्यात नसते. बायाबापड्यांनी इतकी वर्षं तिथे आवाज खाली करून बोलून ती तयार केली. आणि ती तयार करणाऱ्यांना बाहेर काढून तुम्हाला विकली.

पलंगाच्या बरोबर वर घंटा टांगलेली होती. चकचकीत घासलेली. खाली बसवलेल्या दिव्याने उजळलेली. मी हात वर करून ती हलवली. आवाज नाही.

"आतला लोलक काढलाय," ती दाखवणारी मुलगी म्हणाली. "वाऱ्याने वाजते. राहणाऱ्यांची झोपमोड नको."

बाईंना ते फार आवडलं. "घंटेखाली झोपायचं! कल्पना बघ ना."

मी त्यांना कल्पनेच्या जागी झालेली गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

भर पावसात, आषाढात, मावशी स्वयंपाकघरात घसरून पडली. संध्याकाळची वेळ. मनगट मोडलं, कंबर धरली, उठता येईना. हाका मारल्या असतील, पण कौलांवर पाऊस कोसळत होता. पूर्वी त्या दिवशी घंटा चुकली असती. आईने काडी ओढायच्या आधी मला पिटाळलं असतं. पण चुकायला घंटाच उरली नव्हती. घंटा गेल्यापासून कुणी टीव्हीवरची मालिका लागली की दिवा लावतं, कुणी आठवण झाली की. त्या संध्याकाळी सगळ्या वाडीत दिवे लागले आणि मावशी फरशीवर पडून होती. सकाळी पोदेर पाव घेऊन आला, त्याने भोंपू वाजवला, दाराला टांगलेल्या पिशवीत पावाचे पैसे नाहीत हे बघून तिला हाक मारली, तेव्हा आतून कण्हणं ऐकू आलं.

आई त्या दिवशी एकच वाक्य परत परत बोलत होती. "घांट चुकली असती तर मी गेलंय असतंय."

मावशी वाचली. मनगट वाकडं जुळलं. अजून रोज संध्याकाळी ती कपेलाच्या नव्या फाटकापर्यंत जाते, आत लावलेली बोगनवेल बघते आणि परत येते. ते घर बघून आल्यावर मी एजंटाला भेटून म्हटलं, घर ठेव तुझं. लोलक परत बसव, दोरी खिडकीतून बाहेर सोड, दिवेलागणीला मावशी येऊन ओढील आणि जाईल. तो म्हणाला, गिऱ्हाईक झोपमोड खपवून घेणार नाही. आई शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "दिवेलागणीक कोण निजता रे? अवदसा येता घराक."

त्या दिवशी घर बघताना मावशी पडल्याची गोष्ट पुण्याच्या यजमानांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "वाईट झालं. पण यात आमचा काय दोष?"

याचं उत्तर मला घरी येताना सुचलं. दोष नाही तुमचा, अजून नाही. तुम्ही अजून 'हो' म्हटलेलं नाही. आम्ही म्हणून बसलो, कारण आमच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

बाबा आता तो शब्द शिकताहेत. येत्या फेस्ताला ते फाटकाबाहेर उभे राहून गाऱ्हाणं घालणार, एवढं कबूल केलंय, आणि सगळ्यांनी 'नाय म्हाराजा' म्हणायचं असं ठरलंय. आम्ही परवा अंगणात म्हणून बघितलं. बाबांनी आवाज लावला आणि सगळ्यांच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!" मावशी सगळ्यात मोठ्याने. मग ती स्वतःच प्लास्टर उतरलेल्या वाकड्या हाताने तोंड झाकून हसली.

आमच्या जिभेला वळण लागायला वेळ लागेल. तुम्ही वाचणारे, पुण्यात, मुंबईत, जिथे कुठे असाल तिथे, तुमच्या जिभेला 'व्हय म्हाराजा'ची सवय नाही. ती जाहिरात तुमच्याकडे आली असेल तर आज, संध्याकाळ व्हायच्या आत, तिच्याखालच्या नंबरवर फोन लावा आणि सांगा, लोलक परत बसवून दोरी मावशीच्या हातात दिल्याशिवाय हे घर आम्हाला नको. आणि ते घर तुम्ही घेऊन बसला असाल तर पलंगावरून उठा, फाटक उघडा. ती बाहेरच उभी आहे.