रेघ नसलेला हात

सेलूच्या बाजारपेठेत येडबाचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. काचेचं टेबल, काचेखाली जळणारा बल्ब, ट्रेसिंग पेपरच्या सुरळ्या, आणि ब्लेड. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींवर उमटवायचे मार्के, या सगळ्यांचं डिझाइन तो करायचा आणि त्यातली एकही रेघ त्याने मोकळ्या हाताने ओढलेली नसायची. हे तो लपवत नव्हता. उलट गिऱ्हाईक आलं की तोच आधी सांगायचा, "हातानं काढलेलं पाहिजे असंल तर मारुतीच्या पाराकडं जा. तिथं दत्तराव सर बसतेत. हायेत अजून."

गिऱ्हाईक हसायचं. 'अजून' या शब्दावर येडबाची जीभ किती रेंगाळते, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या साली तो नववीत होता. पाथरीकडच्या वाडीवरून, मेंढपाळाच्या घरातून आलेला पोर, वसतिगृहात राहायचा. बंद पडलेल्या एस.ट्या पुन्हा सुरू झाल्या, शाळा उघडली, आणि दत्तराव सरांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी मुलं निवडायला घेतली. सर नुसते मास्तर नव्हते. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. जिनिंगच्या फाटकावर त्यांनी काढलेला बैल असा होता की बाजाराला आलेली बैलं त्याच्याकडे बघून थबकतात, असं लोक गमतीनं म्हणायचे.

मुक्तहस्त चित्राची चाचणी होती. पट्टी नाही, कंपास नाही. सरांनी फळ्यावर एका झटक्यात घडा काढला आणि म्हणाले, "काढा." येडबाने तीनदा खोडलं. त्याचा घडा दर वेळी एका अंगाला कलायचा. मग त्याने डब्यातली पितळी वाटी कागदावर पालथी घातली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. वर्गातला सगळ्यात देखणा घडा त्याचा झाला.

सरांनी कागद उचलला, नाकाशी नेला.

"बघा रे, येडबाचा घडा. लोणच्याचा वास यायलाय ह्याला!"

कागदावर तेलाचं गोल वळं उमटलं होतं. वर्गात हशा फुटला. नेमकी त्याच दिवशी आई, म्हाळसाबाई, पिठाचं गाठोडं घेऊन वाडीवरून आली होती आणि शाळेच्या व्हरांड्यात टेकली होती. सरांनी तिला आत बोलावलं. पोरानं काहीतरी चोरलं, एवढंच तिला कळलं. तिने मान खाली घातली, हात जोडले.

"चुकलं लेकराचं, मास्तर. पदरात घ्या."

"बाई, ह्याच्या हातात रेघच न्हाई," सर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "कागद नासवण्यापेक्षा मेंढरं वळू द्या ह्याला."

सरांनी काढून घेतलेली वाटी त्यांच्या टेबलावर तशीच राहिली. आईने ती मागितली नाही. येडबाला पुढे हसणाऱ्या पोरांची तोंडं आठवेनाशी झाली, पण जोडलेले ते दोन हात कायम दिसत राहिले. मेंढ्यांना वाडग्यात कोंडावं तसा त्याने तो राग कोंडला, आणि त्याला चारा कधी कमी पडू दिला नाही.

त्या दिवाळीत वाडीवर त्याने जुन्या चपलेचा तळ कापून ठसा केला, गेरूत बुडवला आणि घरच्या सगळ्या मेंढरांच्या पाठीवर उठवला. एकसारखा, एकाच जागी. बाप खूश झाला. येडबाला समजलं की रेघ ओढता येत नसली तरी कापता येते.

औरंगाबादेत एका छापखान्यात तो स्क्रीनचं काम शिकला आणि सेलूला परतला. त्या वर्षांत भिंतींवर नामांतराच्या घोषणा असायच्या, बाजूच्या आणि विरोधातल्याही. सर यातलं काहीच लिहू शकत नव्हते. त्यांचं अक्षर पोलीसपाटलालासुद्धा ओळखू यायचं. नामांतरवाली पोरं येडबाकडे आली. त्याने पत्र्यातून अक्षरं कापून दिली. पत्रा भिंतीला लावायचा, ब्रश मारायचा, पुढे जायचं. लिहिणारा कोण, ते पत्र्याला ठाऊक नसतं. पोरांचं काम झालं आणि येडबाला आपली वाट सापडली.

मग त्याने एकेक करून सरांची गिऱ्हाइकं उचलली. सरांना पाटीला आठवडा लागायचा, हा दुसऱ्या दिवशी द्यायचा. शेवटी तो जिनिंगच्या फाटकाशी गेला, सरांच्या बैलावर ट्रेसिंग पेपर धरला, गिरवला आणि पत्र्यात कापला. हंगामाच्या पहिल्या गाठी स्टेशनावर गेल्या तेव्हा प्रत्येक गाठीवर सरांचा बैल होता. फक्त सर नव्हते.

सर दुकानात आले. येडबाने खुर्ची दिली नाही.

"बैल माझाय," सर म्हणाले.

"बैल तुमचाच हाय की, सर. दावं माझं हाय."

"नक्कल केलीस."

"डिझाइन केलं. गिऱ्हाइकाला बैल पाहिजे, सर. हात कोणाचा, ते इचारत न्हाई कोणी."

सरांनी बल्बच्या उजेडात आपल्याच बैलाचा आरपार दिसणारा आकार पाहिला. "नवीन जनावर लागलं म्हंजे काय करशील? जे अजून कोणी काढलंच न्हाई, ते?"

"जगात सगळं काढून झालंय," येडबा म्हणाला. "आमी फक्त कापायचं."

सर पायरी उतरून गेले. येडबाने दाराशी जाऊन ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. त्या दिवशी त्याने चहा दोनदा मागवला.

म्हाळसाबाई गेली ती नामांतराच्या लढ्याच्या शेवटच्या वर्षात. तिचा एकही फोटो नव्हता. येडबाच्या लग्नातदेखील फोटोवाला आला की ती पाठ करून बसायची. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मावशी अंबाबाई, जी बहिणीच्या मागे येडबाकडेच राहायला आली होती, म्हणाली, "तस्बीर पाहिजे बाबा. हार कशाला घालायचा, भिंतीला? अन् तू तर चितारी."

येडबा टेबलाशी बसला. काचेखालचा बल्ब लावला. गिरवायला खाली काही नव्हतं. त्याने एका कॅलेंडरवरून नाक घेतलं, दुसऱ्यावरून डोळे, साडीच्या जाहिरातीतून कपाळ. जोडलं. मावशीने ते हातात धरून उलटसुलट केलं.

"ही कोण गं बाई? लक्षुमी हाय का तलाठ्याची बायको?"

वाडीवरच्या माणसांनी आईला पाहिलं होतं, पण त्यांना काढता येत नव्हतं. काढता येणाऱ्यांपैकी तिला पाहिलेला एकच माणूस होता. येडबा आठवडाभर त्या पाराच्या बाजूने गेलाच नाही. मग गेला.

सर म्हातारे झाले होते. पाराजवळच्या खोलीत शाळेच्या पोरांना पाच-पन्नास चित्रं काढून द्यायचे. येडबाने कशाला आलो ते सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

"ट्रेस कर की."

येडबा जमिनीवर बसला.

"बघितलंय मी तिला. एकदाच," सर म्हणाले. "पुरेसंय. पुढच्या बाजारच्या दिवशी ये. पैसे आणू नको."

बाजारच्या दिवशी सरांनी कागद पुढे केला. आई होती. कपाळावरचं गोंदण, डाव्या गालावरचा खळगा, उन्हानं चिरलेले ओठ, सगळं. शाईच्या रेघेत कुठेही अडखळ नव्हती. आणि तिची मान खाली होती, आणि तिने छातीशी हात जोडलेले होते.

"मला जशी दिसली तशी काढली," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जुना वर्ग होता. "माझा हात खोटं बोलत न्हाई."

येडबाने कागद गुंडाळला. आभार मानले नाहीत. सरांनीही त्यांची वाट पाहिली नाही. दोघांनाही हिशेब कळला होता.

ही तस्बीर भिंतीवर लावली तर आई घरात येणाऱ्या प्रत्येकापुढे जन्मभर माफी मागत उभी राहणार. न लावली तर ती कुठेच नाही. येडबाने दुकानाचं दार लोटलं, ब्लेड नवं लावलं आणि आईचे जोडलेले हात मनगटापासून कापून काढले. छातीत भोक पडलं. त्या भोकाकडे तो बराच वेळ बघत राहिला. वरची झुकलेली मान, खाली वळलेले डोळे. माफी मागणारी बाई आणि पदरातल्या जीवाकडे बघणारी बाई, दोघींची मान सारखीच झुकते. सर काढतील काय काढायचं ते. काय कुठं ठेवायचं, ते येडबाच्या हातात होतं.

त्याने कॅलेंडरवरून एक कोकरू गिरवलं, कापलं आणि त्या जागी बसवलं. आईची मान एका क्षणात मायेची झाली. येडबा एकटाच मोठ्याने हसला.

मावशीने तस्बीर पाहिली आणि डोळ्याला पदर लावला. मग पदर काढला.

"म्हाळसाच हाय रं... पर हे कोकरू कोणाचं?"

"कोणाचं म्हंजे?"

"असं पांढरं, केसाळ, कान ताठ! आपल्या काळ्या मेंढीच्या पोटी असलं न्हाई येत. परक्याचं कोकरू घेऊन बसलीय का माझी बहीण? वाडीवरचे हासतील."

मावशीचं खरं होतं. मेंढपाळाची माणसं आधी कोकरू बघणार, मग बाई. येडबाने होती नव्हती तेवढी कॅलेंडरं पालथी घातली, पोरांची पुस्तकं चाळली, औरंगाबादेहून आणलेले नमुन्यांचे कागद उलगडले. त्यात इंग्रजी कोकरं होती, देवाधर्माची कोकरं होती. त्यांच्या वाडीवरचं लोंबत्या कानांचं, काळं, कपाळावर पांढरा टिकला असलेलं कोकरू कुणी काढलेलं नव्हतं. 'जे अजून कोणी काढलंच न्हाई, ते?' सरांचा आवाज टेबलाखालून आल्यासारखा आला. त्याने बल्ब बंद केला.

दुपार होती. दारातून येत होता तेवढाच उजेड. येडबाने पेन हातात घेतलं आणि मोकळ्या कागदावर टेकवलं. पहिलं कोकरू कुत्रं झालं. दुसऱ्याचे पाय टेबलाचे. दात आवळून तो प्रत्येक कागद चुरगळत होता आणि सरांना, शाळेला, त्या वाटीला शिव्या घालत होता. मग त्याने डोळे मिटले. डोळ्यांना काही आठवत नव्हतं, पण कोपराच्या आतल्या बाजूला ते ओझं होतं, नुकत्याच व्यालेल्या मेंढीखालून उचललेलं, ओलं, मान टाकलेलं. त्या ओझ्याभोवतीनं त्याने रेघ ओढली. रेघ थरथरली, दोन जागी तुटली. कान लोंबता आला. कपाळावर टिकल्याएवढी जागा कोरी राहिली. ते कापून त्याने पांढऱ्या कोकराच्या जागी बसवलं.

मावशी म्हणाली, "हे आपलं. मागल्या साली लांडग्यानं नेलं ते."

वर्षश्राद्धाआधी, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागून चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या तेव्हा, येडबा काचेची तस्बीर काखेत घेऊन पाराकडे गेला. सरांच्या टेबलावर त्याने ती उभी केली. सर बघत राहिले. आधी आपली रेघ, मग ती जिथं संपते ती जागा. हात नव्हते. त्यांच्या तोंडावरचा तोरा उतरत गेला, आणि येडबाने तो शेवटपर्यंत उतरू दिला.

मग सर चष्मा काढून काचेला नाक लागेपर्यंत वाकले.

"कोकरू कोणी काढलं?"

आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, तो माणूस विचारत होता. 'मी' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग कोणी न काढलेलं जनावर मोकळ्या हातानंच काढावं लागतं, हे दुकानातलं सरांचं म्हणणं खरं झालं असतं, आणि ते त्यांना द्यायची येडबाची तयारी नव्हती.

"ट्रेस केलंय," तो म्हणाला.

"ट्रेसची रेघ थरथरत न्हाई, येडबा."

"ही थरथरली. कागद सरकला."

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर पालथं केलं. जोडलेले दोन हात, मनगटापासून स्वच्छ कापलेले, सरांच्या पुढ्यात पडले.

"हे तुमचं राहिलं होतं," येडबा म्हणाला. "अन् वाटी असू द्या तुमच्याकडंच."

तस्बीर काखेत मारून तो बाहेर पडला. मागून सरांनी हाक मारली, पुन्हा मारली. तो वळला नाही. दुकानात येऊन त्याने बल्ब लावला, चुरगळलेले कागद गोळा केले आणि फसलेली सगळी कोकरं, कुत्रं झालेलं, टेबलाच्या पायांचं, चुलीसाठी घरी पाठवून दिली. पुन्हा कुणी कधी त्याच्या हातात पेन पाहिलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो तेच सांगायचा, "हातानं काढलेलं पाहिजे असंल तर पाराकडं जा." फक्त 'अजून' हा शब्द त्याने गाळला होता. आणि घरी, हाराखाली, आई त्या तुटक रेघेतल्या कोकराकडे बघत होती, मान वर न करता.