बोळ्यावर आलेली अक्षरं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला वाटतं, मुलीने दुकान सचोटीने उभं केलं. मीही तिला तसंच वाटू दिलं.

बोईसरला हौशी मंडळींना इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकण्याचं माझं दुकान आहे. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. त्यामुळे ‘नकळत झालं’ असं म्हणण्याची सोय मला नाही.

तापमान मोजणाऱ्या सेन्सरची ती खेप फारच स्वस्त आली होती. एकावर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला. अस्सल सेन्सरवरची अक्षरं कोरलेली असतात, पुसली जात नाहीत. ही बोळ्यावर आली. माल नकली होता—आणि तरीही मी पाकिटं भरली. जुन्या खेपेतले अस्सल मात्र माझ्या प्रयोगांसाठी बाजूला ठेवले.

हर्षदाताई तारापूरच्या किनाऱ्यावरच्या, मासळी विकायच्या. व्हिडिओ पाहून सर्किट जोडायला शिकलेल्या. दमट हवेत बोंबील सुकवण्यासाठी त्यांनी एक पेटी बनवली—ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद व्हावा अशी. ती चालली असती, तर घरात त्यांच्या छंदाला कुणी खूळ म्हटलं नसतं. सेन्सर माझ्याकडचा होता.

एके दिवशी पेटीच घेऊन आल्या. हसत होत्या.

“अगो, बोंबील सुकले नाय, भाजले! सासू बोलते, आता पेटीची पण चटणी कर. बघ ना, काय चुकलं माजं?”

पेटी ठेवून त्या बाजारात गेल्या. मी भिंगाखाली पाहिलं—सोल्डरिंगचा एकूण एक जॉइंट नेटका, चकचकीत. माझा अस्सल सेन्सर लावला. हीटर वेळेवर बंद झाला. मग तो काढून मी नकली पुन्हा जोडला.

त्या परतल्यावर म्हटलं, “ताई, तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे.”

का? पैसे परत द्यावे लागले असते म्हणून? तेवढ्याने मी बुडाले नसते. पण हौशी मंडळींच्या ग्रुपवर एक तक्रार, आणि ‘हिच्याकडचा माल खात्रीचा’ हे नाव गेलं असतं. त्या नावासाठी मी त्यांचा हात खोटा ठरवला.

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “आसंल. मासळी कापणारा हात हाय ह्यो.” पुढच्या खेपेला तारा जोडायचं आपलं सोल्डरिंग आयर्न माझ्या काउंटरवर ठेवून गेल्या—शिकणाऱ्या कुणाला तरी दे, म्हणाल्या. पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत.

उरलेले सेन्सर मी फेकले नाहीत. विकले. ते आयर्नही कुणाला दिलं नाही. माझं बिघडल्यापासून तेच वापरते. उत्तम चालतं.