बाईसाहेब, बसा

मोमीन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते शाळेमागच्या नळावर कपबशा विसळत होते. मी आठवीत होते. नवे शिपाई आले असतील असं वाटून मी विचारलं, "मामा, मराठीचे नवे सर कुठं बसलेत?" त्यांनी हात पुसले, वर्गात जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता इथं बसलेत. बोल."

सर मूळचे जुन्नरचे. नव्वदच्या दशकात घोडेगाव-डिंभे रस्त्यावरच्या आमच्या शाळेत ते आले. सोमवारी पहिल्या एसटीनं यायचे, शनिवारी परत जायचे. दर वर्षी स्नेहसंमेलनात ते एकच जुनं विनोदी नाटक बसवत. मुलं बदलत, नाटक तेच. एक श्रीमंत मालकीण लग्नासाठी बघायला आलेल्या पाहुण्यांची परीक्षा घ्यायची म्हणून आपल्या मोलकरणीला स्वतःची साडी नेसवते, आणि स्वतः चहाचा ट्रे घेऊन उभी राहते. पुढचा सगळा गोंधळ लोकांना पाठ होता, तरी लोक हसून हसून बेजार व्हायचे.

तालमीत सरांचा एक नियम होता. ज्या अंकाची तालीम असेल, त्या अंकात जी मालकीण, तिनं खुर्चीतून हलायचं नाही. जी मोलकरीण, तिनं सगळ्यांना चहा द्यायचा. कुणी गैरहजर असलं की ती भूमिका सर स्वतः करत, आणि खरोखर चहाही देत. त्या पहिल्या दिवशीच्या कपबशांचं कोडं मला असं उलगडलं.

त्या वर्षी सरांनी मला मोलकरीण केलं आणि मनीषाला मालकीण. मनीषा बापूंची मुलगी. गावातली निम्मी बागायत बापूंची, आणि माझी आई त्यांच्याच वावरात बटाटे काढायला जायची. पहिल्या अंकात काही अडचण नव्हती. दुसऱ्या अंकात मी खुर्चीत बसणार आणि मनीषा मला चहा देणार, हे कळल्यावर आईचा चेहरा उतरला. सर घरी आले तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "सर, नाटक येका दिवसाचं. आमाला रोज त्यांच्याच वावरात जायाचंय."

सरांनी तिला समजावत बसण्याचा प्रयत्न केला नाही. "ताई, मी बापूंना विचारतो," ते म्हणाले. "ते नको म्हणाले तर दुसरं नाटक घेऊ. पण त्यांनी म्हणायच्या आधी आपणच नको म्हणायला नको."

बापू नको म्हणाले नाहीत. येऊन बघतो, एवढंच म्हणाले. आईला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

संमेलन दुपारी पटांगणात होतं. पहिल्या अंकात बापूंची खुर्ची रिकामीच होती. दुसऱ्या अंकात मी भरजरी साडी नेसून ऐटीत बसले होते, आणि नेमके तेव्हा बापू फाटकातून आत आले. माझी नजर त्यांच्यावर गेली आणि मी ताडकन उभी राहिले. आमच्या घरात बापू दिसले की सगळेच उठायचे. पुढचं वाक्य डोक्यातून पार गेलं. मागे बायकांत बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला.

मनीषा ट्रे घेऊन पुढे आली. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "बाईसाहेब, बसा. पावणं उशिरा आल्यात, त्यांचं मी बघते."

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. केवढा हशा झाला. मी बसले, आणि वाक्य आठवलं.

नंतर मी रडत सरांकडे गेले. ते म्हणाले, "उठणं तुझ्या अंगात आहे, ते एका नाटकानं जायचं नाही. पण तुला बस कोण म्हणालं, ते विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी आई जीव मुठीत धरून वावरात गेली. बापू बांधावर आले. म्हणाले, "पोरगी मला बघून उठली व्हती ना? लोकांना नाय कळलं, मला कळलं. फुडच्या टायमाला मी येळेवर येईन, म्हंजे तिला उठाया लागायचं नाय." आई हे सांगताना आधी हसली, मग चुलीतलं लाकूड पुढं सारायला लागली.

पुढे सरांची बेल्ह्याला बदली झाली. तिथंही तेच नाटक, तोच चहा. माझ्या डी.एड.च्या फॉर्मसाठी ते रजा टाकून पुण्याला आले, आणि परतताना माझी डिंभ्याची गाडी सुटेपर्यंत घोडेगावच्या स्टँडवर उभे राहिले. त्या दिवशी त्यांची स्वतःची मात्र जुन्नरची शेवटची गाडी चुकली, हे मला फार उशिरा समजलं.

मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिकाही झाले. एके दिवशी सर अचानक शाळेत आले. मी घाईनं खुर्ची सोडली, तर दारातूनच त्यांनी हात केला आणि म्हणाले, "बाईसाहेब, बसा." मग माझ्याच शिपायाच्या हातातला ट्रे घेऊन त्यांनी मला चहा दिला.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण तालमीला अजून उभे राहतात. ते पाय त्यांना खूप वर्षं साथ देवोत, आणि त्यांच्या हातचा चहा आमच्या मुलांच्या मुलांनाही मिळो. पंचाहत्तरीनिमित्त होणाऱ्या सत्काराला मनीषा आणि मी शेजारी बसणार आहोत. सर मंचावर आले की आम्ही दोघी उठू. हे उठणं सवयीचं नाही. तेव्हा सर, त्या दिवशी तेवढं आम्हाला बसा म्हणू नका.