पश्चिम पाहिली नाही

खारू,

हे वाचून तू रागावशील. रागाव. तुला रागावता येतं हे मरायच्या आधी एकदा बघू दे मला.

तुझ्या विमान-शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी पुस्तक काढलंय. गुळगुळीत कागद, आणि दर चार पानांआड गॉगलसाहेबांचा फोटो. एकशे बारा पानं मी काल सकाळी बसून वाचून काढली. तू तिथे एकोणतीस वर्षं काढलीस, त्यातली अठरा हवामान निरीक्षक म्हणून. तुझ्या वाट्याला किती आलंय माहीत आहे? एक वाक्य. 'हवामान निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे एका दुर्दैवी अपघाताचा डाग संस्थेवर लागला.' तुझं नावसुद्धा नाही. हलगर्जीपणा तेवढा छापलाय, पान चौऱ्याहत्तर.

मला तो एक शब्द पुसायचाय. तू मिठाची गुळणी धरून बसलायस ती काही सोडणार नाहीस, म्हणून मी लिहिते. जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी पहिल्यापासून लिहिते, तेव्हा मध्येमध्ये 'ताई, हे कशाला' करू नकोस.

तर, हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी जिथे म्हणून वर चढता येईल तिथे हा सापडायचा, म्हणून खारू. शेजाऱ्यांच्या गच्चीवर, शाळेच्या छपरावर, एकदा तर पाण्याच्या टाकीवर. बाबा खालून ओरडायचे, "उतर, नाहीतर तंगडं मोडीन!" आणि हा वरून शांतपणे सांगायचा, "बाबा, आत्ता उतरत नाही. तिकडून ढग येतोय, तो इथे पोचायला किती वेळ लागतो ते मोजतोय." बाबांनी एकदा खरंच घड्याळ काढून पाहिलं होतं. खारूचा अंदाज दोन मिनिटांनी चुकला. दोन दिवस तो जेवताना बोलला नाही.

त्याला वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत कळलं की याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. डॉक्टरांनी फाइल मिटली. आई रडली, मी त्या डॉक्टरांशी भांडून आले, आणि हा म्हणाला, "अगं, त्यांची काय चूक?" हे वाक्य मी पुढे शंभरदा ऐकलं. जो समोर येईल त्याची काय चूक. मग चूक असते तरी कुणाची रे?

पण राखाडी रंग! राखाडीच्या किती छटा त्याला दिसायच्या कोण जाणे. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, ढगांवर तासभर बोलू शकायचे, आणि गच्चीवर त्याच्या शेजारी उभी राहिले की मला एकच मळकट आभाळ दिसायचं. तो म्हणायचा, "ताई, तो खालचा पट्टा बघ, त्याला निळसर कड आहे. तो पाऊण तासात इथे." आणि पाऊण तासात वाळत घातलेले कपडे भिजलेले असायचे, कारण मी ऐकायचे नाही.

विमान-शाळेत निरीक्षकाचं काम मिळालं तेव्हा हा हरखून गेला. काम असं: दर तासाला बाहेर जायचं, चारी दिशांना बघायचं, वारा, ढग आणि लांबचं किती दिसतंय ते आत येऊन फळ्यावर खडूने लिहायचं. लांबचं मोजायला खुणा ठरलेल्या. पश्चिमेला पाण्याची टाकी दोन किलोमीटरवर, वीटभट्टीचं धुराडं पाच, आणि टेकडीवरचा मनोरा दहा. मनोरा दिसला तर छान, धुराड्यापर्यंतच दिसलं तर जपून, टाकीच्या पलीकडे काही नसेल तर विमानं घरात. शिकाऊ मुलं त्या इवल्याशा विमानांत बसायच्या आधी फळा वाचायची. खारूचा एक नियम होता. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. अंदाज नाही, 'असेल' नाही, मागच्या तासाचं उतरवून काढणं तर नाहीच.

अठराव्या वर्षी शाळेने विमानांसाठी नवी भलीमोठी शेड बांधली. नेमकी पश्चिमेला. धुराडं गेलं, मनोरा गेला, जमिनीवरून बघावं तर पत्रा. यावर उपाय सोपा होता, निरीक्षकाच्या खोलीवर चढायचं. पण गच्चीची लाकडी शिडी शेड रंगवणाऱ्यांनी नेली आणि मोडून परत आणली. खारू माझ्याकडे आला.

"ताई, तुझ्याकडची अॅल्युमिनियमची शिडी देतेस?"

"का? शाळा भिकेला लागली?"

"तसं नाही गं. मागितली की मिळेल. पण वेळ लागतो."

"मग माग! लेखी माग, पोच घे. तू घरची शिडी नेलीस की ते कधीही विकत घेणार नाहीत. उद्या विमानाला पंखा नसेल तर माझा टेबलफॅन नेशील?"

तो हसला. त्याने अर्ज केला. अर्जाचा मसुदा मीच लिहून दिला, चांगला खणखणीत. आणि शिडी येईपर्यंत त्याने, आपल्या नियमाप्रमाणे, फळ्यावर पश्चिमेच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली: 'पाहिली नाही.'

दर तासाला. तीन महिने. पहिल्या आठवड्यात लोकांनी विचारलं. दुसऱ्या आठवड्यात मुलं चेष्टा करायला लागली, "काका, पश्चिम रजेवर आहे का? कधी रुजू होणार?" तिसऱ्या आठवड्यानंतर कुणाला ते शब्द दिसेनात. भिंतीवरचा ओलीचा डाग दिसेनासा होतो तसे. विमानं उडत राहिली. गॉगलसाहेब, म्हणजे तिथले मुख्य प्रशिक्षक, जे खोलीतही काळा चष्मा काढत नसत, त्यांना मुलांच्या उड्डाणाचे तास पुरे करायची घाई. "पूर्व स्वच्छ आहे, उत्तर स्वच्छ आहे, दक्षिण स्वच्छ आहे," ते म्हणायचे. "चारातले तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के. पास!"

त्या गुरुवारी सकाळी शहराच्या हवामान कार्यालयातून फोनवर निरोप आला की संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळं. साडेदहाला तीन विमानं वर गेली. तिन्हींत एकेकटी शिकाऊ मुलं. तिसऱ्यात एक मुलगी होती, विमानातही कंपासपेटी घेऊन बसायची म्हणून सगळे तिला कंपासपेटीच म्हणायचे. अकराला खारू बाहेर आला आणि त्याला वारा बदललेला जाणवला. गार, आणि जमिनीलगत. पश्चिमेला शेडचा पत्रा. शिडी नाही.

माझा चौपन्न वर्षांचा भाऊ पावसाच्या पाण्याच्या पाइपवरून गच्चीवर चढला. वर जाऊन बघतो तो मनोरा नाही, धुराडं नाही, आणि टाकी त्याच्या डोळ्यांदेखत पुसली जातेय. त्याने छताच्या हवेच्या झडपेतून खाली, विमानांशी बोलणाऱ्या रेडिओवाल्याला ओरडून सांगितलं, "सगळ्यांना परत बोलाव! पश्चिमेकडून येऊ देऊ नकोस, उत्तरेची फट उघडी आहे, तिकडून वळवून आण!" पाऊस सुरू झाला तरी हा वरच उभा. फट कुठे सरकतेय ते बघून सांगतोय, आणि खाली रेडिओवाला तेच मुलांना सांगतोय. दोन विमानं त्या फटीतून आली आणि उतरली. दुसऱ्याची चाकं टेकली आणि मागोमाग धावपट्टी दिसेनाशी झाली.

कंपासपेटी पश्चिमेला होती. ती शेतात पडली. जगली. उजवा पाय गुडघ्यात कायमचा गेला, आणि विमान उडवणं सुटलं.

चौकशीला तीन माणसं बसली. तिथे काय झालं ते मला रेडिओवाल्याने शब्दन् शब्द सांगितलं, कारण भाऊ कसला सांगतोय!

"वादळ आलं तेव्हा तुम्ही खोलीत होता?"

"नाही."

"मग कुठे?"

"गच्चीवर."

"कसे गेलात?"

"पाइपवरून." यावर म्हणे एकजण हसला.

"फळ्याची नक्कल आमच्यापुढे आहे. तीन महिने तुम्ही पश्चिम पाहिली नाही, असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय. खरं?"

"खरं."

"शिडी का नव्हती?"

इथे तू गप्प बसलास, खारू. त्यांनी दोनदा विचारलं. आणि त्यांनी लिहिलं: निरीक्षक जागेवर नव्हता, तीन महिने काम टाळत होता. तू खाली सही केलीस. ज्याने दोन पोरं खाली आणली तो जागेवर नव्हता! ज्याने एकही खोटा शब्द लिहिला नाही त्याचा खरेपणाच त्याच्या गळ्यात बांधला! तुला भांडारात टाकलं, टायर आणि नटबोल्ट मोजायला. निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं खडूला हात लावू दिला नाही.

मी तेव्हा तुला काय काय बोलले. भित्रा म्हणाले. कणा नाही म्हणाले. अर्ज तुझ्याकडे, पोच तुझ्याकडे, त्यांच्या तोंडावर फेकायची होतीस! तू म्हणालास, "जाऊ दे ना, ताई. त्यांची तरी काय चूक." मी सहा महिने तुझ्याशी बोलले नाही. तुला कणा नाही म्हणून!

आता कालचं ऐक. पुस्तक वाचून माझं डोकं फिरलं आणि मी तशीच तुझ्या घरी आले. तू फिरायला गेला होतास. तुझ्या बायकोला म्हटलं, "तो अर्ज काढ. मी वर्तमानपत्रात देते, या सगळ्यांना नागडं करते." ती घुटमळली. "वन्सं, राहू द्या की आता. ह्यांना आवडायचं नाही." मी ऐकते थोडीच. तिने कपाटावरची पिशवी काढून दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हाच मला समजायला हवं होतं की तिला सगळं ठाऊक आहे.

अर्ज सापडला. माझाच खणखणीत मसुदा, तुझं ठसठशीत अक्षर. आणि अर्ज परत पाठवताना समासात पेन्सिलीने मारलेला गॉगलसाहेबांचा शेरा: 'निरीक्षकाच्या बहिणीकडून शिडी सोमवारी येत आहे. खरेदी नको.' खाली तारीख. अपघाताच्या आधीचा शनिवार.

तर हे होतं. त्यांनी विचारलं, शिडी का नव्हती, आणि उत्तर होतं, ताईने पाठवली नाही.

त्या शनिवारी तू पुन्हा आला होतास, आणि मी वैतागून 'बरं, सोमवारी गाडीवाल्याबरोबर पाठवते' म्हणाले होते. तू ते खरं धरलंस आणि तिथे जाऊन सांगितलंस. माझा शब्द ना तो. साहेबांनी तर तो झेलायला हातच पसरले होते. त्यांना मी सोडणार नाही. तीन महिने फळा वाचूनही ज्यांनी विमानं उडवली त्यांचा हलगर्जीपणा मी नावानिशी लिहीन, आणि त्याच कागदावर स्वतःचंही लिहीन. तू अकरा वर्षं टायर मोजलेस, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास, एवढ्यासाठी की तीन परक्या माणसांसमोर माझं नाव निघू नये? कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं? याचा मला जेवढा राग आलाय तेवढा त्या पुस्तकाचाही आलेला नाही.

शिडी अजून स्वयंपाकघराच्या दारामागे उभी आहे. गेल्या महिन्यात तूच तिच्यावर चढून माझा दिवा बदललास, फडक्याने पायऱ्या पुसल्यास आणि जागच्या जागी ठेवलीस.

मी विसरले नव्हते, खारू. सोमवारी सकाळी गाडीवाल्याचा नंबर काढून फोनपाशी बसले होते. मग मनात म्हटलं, घेऊ देत त्यांना विकत, त्याशिवाय शिकायचे नाहीत. आणि तो नंबराचा कागद पुन्हा घडी करून डब्यात ठेवला.