किजीसाठी हलता देखावा

शेजारच्या आजोबांनी बंदूक पोलिसांकडे परत केली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण शिकाऱ्याची नजर परत करायची सोय नसते. इथे जपानात, त्सुकुबाला, आमच्या दोन्ही घरांच्या मागे एकच पडीक शेत आहे आणि त्याच्या टोकाला बांबूचं बन. वसंतात त्या बनातून रोज सकाळी एक आवाज यायचा, गंजलेल्या फाटकाला कुणी लाथ घालावी तसा. तो किजी. मोराचा धाकटा चुलतभाऊ समजा. हिरवी छाती, लालभडक गाल, लांब शेपूट आणि स्वभाव एकदम तापट.

एप्रिलच्या सुरुवातीला आजोबा दारात उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली किजीची लाकडी मादी. नराला भुलवायला तरुणपणी त्यांनी स्वतः कोरलेली.

"ओकुसान," ते म्हणाले. इथे शेजारणीला अशीच हाक मारतात, आपल्या 'वहिनी'सारखी. "हिला हलवता येईल का? नुसती बसली तर तो घराजवळ येत नाही."

"आता कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही. बायकोला दाखवायचाय."

आजींचे गुडघे गेले होते. महिनाअखेर दोघं कावासाकीला मुलीच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी राहायला जाणार होती. नवऱ्याने आणलेले किजी आजींनी पन्नास वर्षं सोलले, शिजवले, वाढले. जिवंत किजी मादीपुढे नाचताना मात्र एकदाही पाहिला नव्हता. तो नाचायचा बनाच्या कडेला आणि आजी बसायच्या खिडकीशी. तेवढं अंतर कमी करायचं होतं, वीस दिवसांत.

आजोबांना माहीत नव्हतं की त्यांनी नेमकं दार ठोठावलंय. माझे बाबा पुण्यात पेठेतल्या मंडळाचे हलते देखावे करायचे. राक्षसाचे डोळे गरगरायचे, हत्ती सोंड उचलायचा, आणि मांडवामागे मी, वय वर्षं दहा, तेलाची बुधली घेऊन. मोटर, चकती, दोरी ही माझी बाराखडी. ऑफिसात मी बँकांची सॉफ्टवेअरं तपासते, पण ते पोटासाठी.

"चार पिढ्या अंडं न शिवलेल्या घरातली तू," नवरा म्हणाला, "शेवटी शिकाऱ्याला सामील झालीस?"

"पेचकस दे आणि गप्प बस."

मी मान कापून बिजागरी बसवली. पोटात खेळण्यातली मोटर, आवाज होऊ नये म्हणून तिला लेकीचा लोकरी मोजा. आणि मग मंडळाचं रक्त उसळलं. मादी मान खाली घाली, वर करी, डावीकडे बघे, उजवीकडे बघे, शेपूट हलवी. टाळ्याच पडायच्या बाकी होत्या.

शेतात ठेवली. नर बनाबाहेर आला, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि पायाला पाय लावून पळाला. पुढचे तीन दिवस त्या बाजूला फिरकलासुद्धा नाही.

आजोबांना हसताना खोकला लागला. "ओकुसान, ही मादी नाही, कारखाना आहे. सतत हलणाऱ्याला काहीतरी झालेलं असतं. तो घाबरला."

मग त्यांनी मला पाच सकाळी त्यांच्या शेडमागे बसवलं, खऱ्या माद्या बघायला. मी! जिला तोंड मिटून बसायचं म्हणजे शिक्षा. पण तिसऱ्या सकाळी मला दिसायला लागलं. मादी दोनदा दाणा टिपते. थांबते. बराच वेळ थांबते. मग मान वर करते आणि सगळं शेत कानांनी चाचपते. पुन्हा एकदाच टिपते. ती जेवत असते कमी आणि ऐकत असते जास्त. आजोबा श्वास मोजून मला सांगत होते, "आता उचलेल," आणि ती उचलायची.

मी प्लॅस्टिकच्या पाटीतून मादीच्या पोटात मावेल अशी एक चकती कापली, मिनिटाला एक फेरा घेणारी. कडेला जिथे उंचवटा येईल तिथे मान उचलली जाणार. उंचवटे आजोबांनी कानशीने घासले, डोळे मिटून, ओठांत आकडे पुटपुटत. त्यांच्या पन्नास हिवाळ्यांतलं सगळं शहाणपण त्या चकतीच्या काठावर उतरत होतं. मी नुसती बघत राहिले. बाबा असते तर त्यांनी आजोबांच्या पाया पडून त्यांना मंडळात भरती केलं असतं.

सामानाची गाडी यायच्या आदल्या दिवशी सकाळी आजी, आजोबा आणि मी त्यांच्या खिडकीआड बसलो, खोक्यांच्या मधे. बाहेर दहा पावलांवर लाकडी मादी. टिप, टिप. शांतता. मान वर.

तो आला. धावत नाही, मिरवत. तिच्याभोवती एक फेरी मारली. मग एकाएकी अंग तिच्या बाजूला कलतं केलं, जवळचा पंख जमिनीला टेकवला, शेपूट उलगडली, गाल फुगवले. उन्हात त्याचा हिरवा जांभळा झाला, जांभळा निळा. मी आयुष्यभर देखावे बघितलेत. असा रंग कुठल्याही मांडवाला परवडला नसता.

आणि मोटर थांबली. बॅटरी संपली! मादी मान खाली घालून तशीच. आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

नराने मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं. एक श्वास, दोन, तीन. मग दुसऱ्या बाजूने आला, दुसरा पंख टेकवला आणि पुन्हा नाचायला लागला.

आजींच्या मांडीवर चहाचा पेला होता, तो कधीच निवला असणार. काचेवरची नजर न काढता त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पन्नास वर्षं तुम्ही मला याचं फक्त वजन सांगत आलात."

आजोबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आजींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गप्प. हलू नका."