अमेरिकेतली सुकडी

"मॅडम, अमेरिकेत कधी सुकडी वाटली होती का?"

प्राचार्यांनी सकाळी सकाळी केबिनमध्ये बोलावून हे विचारलं, तेव्हा माझ्या हातातला चहाचा कप अजून भरलेलाच होता. मला वाटलं, सरांची तब्येत बरी दिसत नाही.

"नाही सर. का?"

"मग आपल्या समद्या पोरांनी पेपरात तसं का लिहिलंय?"

मी कप खाली ठेवला. काय झालं असणार ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि हसूही आलं. सर हसत नव्हते. थर्ड इयरच्या इतिहासाचा आमचा निकाल 'विथहेल्ड' झाला होता. म्हणजे राखून ठेवला होता. पोरं पास नाहीत आणि नापासही नाहीत, नुसती लटकलेली. कारण लिहिलं होतं, मास कॉपीचा संशय.

आधी थोडं मागचं सांगते. तेव्हाच्या औरंगाबादेत मी एका सकाळच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. सकाळचं कॉलेज म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्यांचं. कुणी गावातून दूध घालून यायचा, कुणी कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट बाकावर येऊन बसायचा, खुलताबादकडची दोन-तीन शेतकऱ्यांची पोरं पहिल्या एसटीने यायची. त्यांना आमच्या अभ्यासक्रमातला एक पेपर होता अमेरिकेच्या इतिहासातल्या टर्निंग पॉइंट्सचा. टर्निंग पॉइंट म्हणजे ज्या घटनेनंतर देश पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही ती घटना. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या ती, यादवी युद्ध, गुलामगिरीचा शेवट, महामंदी, वगैरे.

बाकीचे प्राध्यापक नोट्स डिक्टेट करायचे. मला त्याचा मनस्वी कंटाळा. एक जण बोलतोय आणि साठ जण मान खाली घालून उतरवतायत, याला मी शिकवणं म्हणत नाही. मी गप्पा मारत शिकवायचे. यादवी युद्ध आलं की हैदराबादची पोलीस अ‍ॅक्शन काढायचे. निजामाला वेगळं राहायचं होतं, तिकडच्या दक्षिणेतल्या राज्यांना वेगळं व्हायचं होतं, दोन्हीकडे देश त्यांना जाऊ देईना. मग फरक सांगायचे, की आपल्याकडचं काही दिवसांत आटोपलं, तिकडचं चार वर्षं चाललं, आणि त्यांच्या भांडणाच्या मुळाशी माणसांची खरेदी-विक्री होती. आजोबांकडून रझाकारांच्या गोष्टी ऐकलेली पोरं ते लगेच पकडायची.

गाडी अडली महामंदीवर. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, धडधाकट माणसं पावासाठी रांगेत उभी राहिली, असं मी सांगत होते आणि वर्ग थंड. शेअर बाजार म्हणजे काय हेच ज्याच्या सात पिढ्यांना माहीत नाही, त्याला तो कोसळल्याचं दुःख कुठून होणार? शेवटी मी विचारलं, "बाहत्तरच्या दुष्काळात तुमच्या घरचं कोण खडी फोडायला गेलं होतं?"

अख्ख्या वर्गाने हात वर केले.

नव्या वाचकांसाठी सांगते. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस झालाच नाही. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. लोक खडी फोडायचे, रस्ते करायचे, पाझर तलाव खणायचे. मजुरी मिळायची, आणि वर सुकडी. सुकडी म्हणजे गोडसर, कोरडं, पौष्टिक पीठ. ओंजळीत घ्यायचं आणि तोंडात टाकायचं. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची, ती अमेरिकेतून. तिच्या भाकरीला ना चव ना ढव, पण त्या भाकरीवर लोक जगले.

"तर अमेरिकेच्या सरकारनेही तेच केलं," मी म्हणाले. "नुसते पैसे वाटले नाहीत, कामं काढली. रस्ते केले, धरणं बांधली, झाडं लावली. त्याला न्यू डील म्हणतात. तुम्ही सुकडी आठवा, म्हणजे न्यू डील आठवेल."

पोरांनी आठवली. पेपर तपासणारे परीक्षक होते बाहेरगावचे, सुपीक मुलखातले. त्यांनी जन्मात सुकडी पाहिली नव्हती. प्रत्येक उत्तरपत्रिकेत एकच वाक्य, 'सरकारने लोकांना काम दिले व सुकडी वाटली.' ते कुठल्याही पुस्तकात नाही. एकच चूक सगळ्यांच्या पेपरात दिसली, तर ती एकाच कागदावरून उतरलेली धरायची, असा परीक्षेतला साधा नियम आहे. नियमात काही खोट नाही. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझा तास संपला, तर वर्गाबाहेर त्याच पोरांपैकी संपत खरात उभा होता. हर्सूलच्या जेलमध्ये शिपाई. घर मेंढरंवाल्यांचं, बाप अजून कळप घेऊन हिंडायचा. संपतला जेलरच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्याला पदवी लागते. वर्गात तो खाकी पँटवर साधा शर्ट घालून यायचा, कारण इथून सुटला की सरळ ड्यूटी.

"मॅडम, आमच्या साहेबाच्या कानावर गेलंय," तो म्हणाला. "जेलरचा फॉर्म पुढच्या म्हैन्यात भरायचा. पर ते ऱ्हाऊ द्या. कॉपी केसमधी नाव आलं तर खात्यात चौकशी लागती. हाय ती नोकरी बी जायची."

"तू कॉपी केलीस का?"

"कॉपी करायला पुस्तक लागतं, मॅडम. माझ्याकडं कुठंय पुस्तक? जेलच्या भिंतीवर पहाऱ्याला उभं ऱ्हायचं आन् तुम्ही काय बोल्ले ते आठवायचं, येवढाच माझा अभ्यास." मग जरा थांबून म्हणाला, "बराकीतला एक कैदी काल मला इचारत व्हता, दादा, तुमच्यावर कलम कोणतं लावलं?"

मला हसू आवरलं नाही. तो मात्र खाली बघत उभा राहिला, आणि मग मलाच वाईट वाटलं. इतरांचं फार तर एक वर्ष गेलं असतं. याची भाकरी गेली असती.

प्राचार्यांनी तोवर तोडगा काढून ठेवला होता. "मॅडम, विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढं आपण असं सांगू, की पोरांनी कुठल्यातरी गाईडमधून पाठ केलं. चूक गाईडवाल्याची. ना तुमची, ना कॉलेजची."

"आणि ते म्हणाले गाईड दाखवा, तर?"

"सापडंना म्हणू."

"सर, न छापलेलं पुस्तक कसं सापडेल?"

"अहो, तुमच्यासाठीच सांगतोय. तुम्हीच शिकवलं म्हणाल, तर तुमच्यावर शेरा बसंल."

"बसू दे," मी म्हणाले. माझा पारा तेव्हा लवकर चढायचा. आताही चढतो. "मी जे शिकवलं ते शिकवलं. त्यासाठी पोरांना खोटं बोलायला लावणार नाही."

चौकशी समितीत तिघं होते. अध्यक्ष, ते बाहेरगावचे परीक्षक, आणि बीडकडचे एक वयस्क प्राध्यापक. ते डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपलेत. मी सरळ सांगून टाकलं, की सुकडीचं उदाहरण माझं आहे.

परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुम्ही चुकीचं शिकवलंत."

"मी उदाहरण दिलं. पोरांनी उदाहरणालाच अमेरिका करून टाकलं."

"कॉपी झाली नाही कशावरून?"

"एकेकाला आत बोलवा आणि महामंदी विचारा. कागदावरून उतरवलं असेल तर सगळे एकच सांगतील, नाहीतर काहीच सांगणार नाहीत. मी बाहेर बसते."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पण बीडच्या सरांनी डोळे न उघडताच "बोलवा" म्हटलं, तेव्हा अध्यक्षांचा इलाज चालला नाही.

पोरं एकेक करून आत गेली. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. दूधवाल्याने कारखाने बंद पडण्याचा हिशोब लावला, लोकांच्या हातात पैसा नाही म्हणून माल खपत नाही, माल खपत नाही म्हणून कामावरून काढलं, आणि काढलं म्हणून पैसा आणखी आटला. खुलताबादकडची एक पोरगी एरवी वर्गात तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "आमच्या आईनं ज्या रस्त्याची खडी फोडली, त्याच रस्त्यानं मी एसटीत बसून कॉलेजात येते. अमेरिकेतले रस्ते बी तसेच झाले असतेल." शब्द सगळ्यांचा एक होता, आणि त्यामागची गोष्ट ज्याच्या त्याच्या घरची.

संपत शेवटी गेला. परीक्षकांनी त्याला कोंडीत धरलं.

"समजा, सुकडी हा शब्द वापरायचा नाही. आता सांगा."

मी बाहेर पदराचं टोक पिळत बसले होते. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला गाईडची आठवण झाली.

"साहेब," संपत म्हणाला, "मी जेलात शिपाई हाय. बिनकामाचा माणूस मला रोज दिसतो. ज्याला जेलच्या कारखान्यात सुतारकामाला लावलं तो सुधरतो. जो नुसता बसून ऱ्हायतो तो आधी सोतावर चिडतो, मंग दुसऱ्यावर. खायला दोघाला बी सारखंच मिळतं. अमेरिकेत लई माणसं तशी बसून होती. सरकारनं त्यांला नुसतं खायला घातलं असतं तर ती जगली असती, पर देश बसूनच ऱ्हायला असता. म्हून काम दिलं. मला येवढंच कळलं."

"मग पेपरात सुकडी का लिहिली?"

"दुसरा शब्द सुचंना, साहेब. आमच्या माईनं खडी फोडली. तिला मिळालेली सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, आमच्यासाठी. ती कधी खायची ते मला अजून ठावं नाय. तुम्ही मंदी इचारली आन् मला तेच दिसलं."

मग बीडच्या सरांचा आवाज आला. पहिल्यांदाच पूर्ण जागा. "मीही खाल्लीय," ते म्हणाले. "फार वाईट लागायची नाही."

निर्णय तासाभरात झाला. कॉपी झालेली नाही, निकाल जाहीर करावा. परीक्षक मात्र माणूस नियमाचा. अमेरिकेत सुकडी वाटली हे विधान चूक, सबब प्रत्येकाचे दोन गुण कापावेत, असं त्यांनी लिहून घेतलं. माझ्यावर शेराही बसला, 'उदाहरणे देताना काळजी घ्यावी.' प्राचार्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.

संपत पास झाला. दोन गुण जाऊनही. फॉर्म मुदतीत गेला, आणि दुसऱ्या खेपेला तो जेलर झाला. राज्यभर बदल्या होत होत शेवटी हर्सूललाच परत आला. मी तेव्हा रिटायर होऊन पुंडलिकनगरात राहत होते. दिवाळीला तो बायको-पोरांना घेऊन यायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, जेलमधले काही जण बाहेरून बीए करतायत, संध्याकाळी जमेल तसा त्यांच्यापाशी बसतो.

पुढच्याच वर्षी बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. वर नाव नसतं, फक्त नंबर. एका गठ्ठ्यातला पहिला पेपर उघडला, प्रश्न महामंदीचा. 'सरकारने लोकांना काम दिले व सुकडी वाटली.' दुसरा उघडला, तेच. तिसऱ्यातही तेच. लिहिणारी पोरं बाहत्तर साली जन्मलीही नसतील.

मी चष्मा काढून बराच वेळ हसले, आणि मग थोडे डोळेही पुसले. नियमाप्रमाणे मास कॉपीचा रिपोर्ट करायला हवा होता. तो केला नाही. पण प्रत्येकाचे दोन मार्क कापले. काही झालं तरी अमेरिकेत सुकडी वाटलेली नव्हती.